पुनावळ्याच्या खोलीतली ओल

प्लास्टिक उचललं, तर खालचा स्लॅब कोरडा ठणठणीत. मी तळहात फिरवून पाहिला. थेंब नाही, काळपट डाग नाही.

निलेश मागे उभा होता. "असं कसं मॅडम? काल तर तुम्हीच म्हणालात, खालून ओल असेल."

"असेल म्हणाले होते. आहे असं नाही."

मी फ्लोअरिंगची कामं करते. आधी बरीच वर्षं चाकणला कंपन्यांच्या शेडमध्ये एपॉक्सीचे, म्हणजे रसायन ओतून केलेले, फ्लोअर करायचे, आता घरांचीच कामं जास्त येतात. निलेशचं घर पुनावळ्यात. वडिलांनी नोकरीत असताना बांधलेलं. वडिलांना सगळे आबा म्हणतात. ते आकुर्डीला एका कंपनीत लेथवर होते, आता रिटायर्ड. निलेश हिंजवडीत आयटीत आहे, त्याची बायको अश्विनी शाळेत शिकवते.

तक्रार आबांच्या तळमजल्यावरच्या खोलीची होती. निलेशने तिथली जुनी शहाबादी फरशी काढून स्लॅबवर लॅमिनेट टाकून घेतलं होतं. लॅमिनेट म्हणजे दाबलेल्या भुशाच्या पट्ट्या, वर लाकडासारखं दिसणारं कव्हर. दिसायला झकास, पण सांध्यात पाणी गेलं की चहात बुडवलेल्या बिस्किटासारखं फुगतं. तसंच झालं होतं. आता त्याला दुसरं काहीतरी हवं होतं. स्वस्तातलं, पण पुन्हा न फुगणारं.

स्वस्तात दोनच पर्याय होते. खालून ओल येत असेल तर टाइल्स. स्लॅब कोरडा असेल तर व्हिनाइलचा, म्हणजे जाड प्लास्टिकसारखा, रोल. तो सतरंजीसारखा अंथरून चिकटवतात, तोडफोड नाही, पाय घसरत नाही. पण ओल्या स्लॅबवर त्याचा गम सुटतो. म्हणून आधी टेस्ट करायची. चार पट्ट्या काढायच्या, उघड्या स्लॅबवर प्लास्टिक ठेवून चारही बाजूंनी टेप लावायची आणि दुसऱ्या दिवशी उघडायची. आत घाम धरला तर ओल जमिनीतून येतेय. मी दोन ठिकाणी लावलं होतं. एक खिडकीखाली, एक पलंगाजवळ. दोन्हीकडे कोरडं.

"मग पाणी वरून आलंय," मी म्हणाले आणि खिशातून खडू काढला.

आबा पलंगावर बसून होते. पांढरा लेंगा, हाफ शर्ट, गुळगुळीत दाढी. अश्विनी चहाचा ट्रे घेऊन दारात आली होती. मी गुडघ्यांवर बसले, अंगठ्याने प्रत्येक सांधा दाबला आणि फुगलेल्या पट्टीवर फुली मारत गेले. कंपनीत क्रॅक शोधताना असंच करायचे. उठून उभी राहिले तेव्हा फुल्यांची सरळ रांग दिसली. पलंगापासून बाथरूमच्या दारापर्यंत. बाकी सगळी खोली धडधाकट.

कोडं सुटल्यासारखा मला आनंद झाला. हे आज लिहितानाही नको वाटतं.

"बघा, इथून इथपर्यंत," मी खडूनेच दाखवलं. "रोज कुणीतरी याच वाटेवर पाणी सांडतंय. एकदा-दोनदा सांडून एवढं फुगत नाही."

निलेश अश्विनीकडे वळला. "किती वेळा सांगितलं, मॉप पिळून घे म्हणून! बादलीच ओततेस जणू."

अश्विनीने ट्रे टेबलावर ठेवला. मला वाटलं, चूक कळली म्हणून गप्प आहे. मी आणखी भर घातली. "ताई, मॉपने सगळी खोली ओली होते, एकच पट्टा नाही. नीट आठवा बरं. या वाटेनं रोज काय नेता?"

"तिला नका बोलू," आबा म्हणाले.

ते खाली बघत होते.

"माझ्याकडनं व्हतंय ते. बाथरूमपत्तुर जायाला दम निघत न्हाई. मग मी तांब्यानं पाणी टाकून पुसून घेतो. कुनाला वास नको यायाला म्हून."

निलेशचा चेहरा उतरला. मी तेव्हा गप्प बसायला हवं होतं. पण शांतता सहन होईना, म्हणून बोलत सुटले. "काही हरकत नाही काका, वयानुसार होतंच. युरिनमुळे लॅमिनेटचा सांधा लवकर सुटतो, त्यात वरून पाणी..." माझ्या वडिलांपेक्षा मोठा माणूस. त्याच्या सुनेसमोर, त्याच्याच खोलीत, मी त्याला लॅमिनेटचा सांधा कसा सुटतो ते समजावत होते.

आबा उठले. चपला घातल्या. फुल्यांवर पाय पडू नये म्हणून भिंतीच्या कडेने बाहेर गेले.

"टाकायचं काय, ते सांगा," निलेश माझ्याकडे न बघता म्हणाला.

मी सांगितलं. स्लॅब कोरडा आहे, व्हिनाइलचा रोल टाका. सांधा गरम हवेने वितळवून वेल्ड करून घेऊ, कडा भिंतीवर बोटभर चढवू, म्हणजे पाणी खाली जाणार नाही. चकचकीत टाइल्स नको, ओल्या झाल्या की आबा पडतील. सगळं बरोबर होतं. सांगताना मात्र आवाज चोरासारखा निघत होता.

निघताना अश्विनी गेटपर्यंत आली.

"तुम्हाला माहीत होतं ना?" मी विचारलं.

"होतं ना. सकाळी ते अंगणात गेले की मी परत पुसून घ्यायचे. त्यांना वाटायचं, कुणाला कळलं नाही. चाललं होतं तसं."

"मग तुमच्यावर आलं तेव्हा तरी..."

"माझ्यावर आलं तर काय बिघडतं ताई? संध्याकाळपर्यंत विसरले असते सगळे."

मी हेल्मेट घातलं आणि स्कूटी सुरू केली.

काम व्यवस्थित झालं. बदामी रंगाचा रोल, एकही फुगा नाही. रंगाचे सॅम्पल घेऊन मी मुद्दाम आबांकडे गेले होते, माफी मागायचीही होती. त्यांनी सॅम्पलकडे बघितलंच नाही. "तुमाला बरं वाटंल ते टाका," म्हणाले आणि पेपर उघडला. मी माफी न मागताच सॅम्पल उचलून निघाले. काम सुरू झालं त्या दिवशी ते लेकीकडे तळेगावला गेले. माझी माणसं सामान उचलून निघाल्यावरच परतले.

नंतर अश्विनीचा फोन आला. निलेश त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेला होता. प्रोस्टेटचा त्रास निघाला, गोळ्यांनी बराच फरक आहे. "तुमच्यामुळेच कळलं म्हणायचं," ती म्हणाली. मी विचारलं, "येऊन भेटू का त्यांना?" ती म्हणाली, "नको ताई. तुमचं नाव निघालं तरी ते उठून बाहेर जातात."

गोळ्या माझ्यामुळे मिळाल्या असतील, पण मी त्यासाठी बोलले नव्हते. मला फक्त माझं उत्तर बरोबर ठरवायचं होतं.

आता कुठल्याही घरी गेले की त्या खोलीत जो झोपतो त्याला आधी एकट्याला गाठते. दार लोटून घेते आणि विचारते, इथे पाण्याचं काय होतं. बहुतेक जण सांगतात. जे सांगत नाहीत, त्यांच्याकडेही मी व्हिनाइलच्या कडा भिंतीवर चढवते. का, असं घरच्यांनी विचारलं तर सांगते, आमच्या कामात तशीच पद्धत आहे.