लाखांतलं एक लेकरू

आमच्या देवासच्या गल्लीत ‘माझा अनुभव आहे’ हे वाक्य एकाच बाईंच्या मालकीचं होतं. सगळे त्यांना अनुभवमावशी म्हणत आणि त्यांना ते आवडे. त्या शिवणाचे क्लास घेत. माप न घेता, नुसतं बघून ब्लाउज बेतत आणि तो बसे. टेपनं खात्री करू पाहणाऱ्या एका नवरीला त्या म्हणाल्या होत्या, “टेपवर एवढा विश्वास असेल तर टेपकडूनच शिवून घे.”

मी मुलांचा डॉक्टर होऊन गल्लीतच दवाखाना थाटला, तरी त्यांच्या लेखी चड्डीतला राजूच राहिलो. मी औषध लिहून दिलं की आया चिठ्ठी घेऊन आधी त्यांच्या ओट्यावर जात. मावशी चिठ्ठी उलटसुलट पाहून म्हणत, “ठीक आहे, दे. पण ओव्याच्या पुरचुंडीनं शेकायला विसरू नको.”

इथवर गंमत होती. मग शेजारच्या मोहल्ल्यात गोवर निघाला, आणि मला कळलं की मावशींच्या दहा महिन्यांच्या नातीला, मिठूला, एकही लस दिलेली नाही. सून घाबरलेली, पण सासूपुढे बोलेना. मी आकडे घेऊन गेलो. हजारात किती, लाखात किती, सगळं सांगितलं. मावशींनी शिलाई मशीन थांबवलं नाही.

“राजू भिया, तुझी लाख मुलं असतील. माझा शशी एकच होता.” शशी म्हणजे मिठूचा बाप. “लहानपणी त्याला टोचलं आणि संध्याकाळी तापात त्याचे डोळे फिरले. तुझ्या पुस्तकानं पाहिलं का ते?”

“एका मुलावरून काही सिद्ध होत नाही, मावशी,” मी चिडून म्हणालो.

मशीन तेव्हा थांबलं. मला दार दाखवण्यात आलं.

आठवड्याभरानं लसीकरणाच्या सिस्टर आल्या. त्या बदनावरकडच्या, मराठी जेमतेम समजणाऱ्या. मी त्यांना सांगितलं, त्या घरी वेळ घालवू नका. त्या सरळ ओट्यावर जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, “माँजी, उस दिन हुआ क्या था?”

मावशी तासभर बोलल्या. शशीला कडेवर घेऊन कशा धावल्या, चप्पल कुठे सुटली, दवाखान्यातल्या डॉक्टरांनी ‘काही नाही, घरी न्या’ म्हणून कसं वाटेला लावलं. इतक्या वर्षांत हे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. मीसुद्धा नाही. ती तापाची फिट होती, सिस्टरांनी समजावलं. दिसते भयंकर, पण मूल बहुतेक वेळा पूर्ण बरं होतं.

“हिलापण ताप येईल?”

“आ सकता है, माँजी. दवा देकर जाऊँगी, और कल सुबह खुद आऊँगी।”

मावशींनी मिठूला स्वतः मांडीवर धरलं. नंतर मला म्हणाल्या, “ताप येणारच नाही म्हणाली असती ना, तर उठून आत गेले असते मी.”

ताप आला. मावशी नातीला मांडीवरून खाली ठेवीनात. सकाळी सिस्टर आल्या तेव्हा ताप उतरला होता आणि मिठू खिचडी ओरपत होती.

त्यानंतर मावशी घरोघर फिरल्या. “ताप येईल. घाबरायचं नाही. माझा अनुभव आहे.” एका मुलावरून काही सिद्ध होत नाही, हे मी या वेळी बोललो नाही, कारण गल्लीतली लस राहिलेली पोरं रांगेत उभी राहत होती. पण त्या ‘टोचल्यावर भूक वाढते’ असंही सांगू लागल्या, तेव्हा मला राहवेना.

“मावशी, हे कुठल्याच पुस्तकात नाही!”

“मग लिही की. हात दिलेत ना देवानं?”

मागल्या हिवाळ्यात मावशी झोपेतच गेल्या. आता एखादी आई लस नको म्हणाली की मी आधी तिला खुर्ची देतो आणि तिचं सगळं ऐकून घेतो. बोलून झाल्यावर बरेचदा तीच विचारते, “मग डॉक्टर, तुमचं काय म्हणणं?” तेव्हा आकडे सांगतो. हे शहाणपण मला कॉलेजात नाही, मावशींच्या घरातून बाहेर काढला गेल्यावर आलं. त्यांच्यापुढे तसं कबूल करायचं मात्र राहून गेलं.