नानांच्या हॉलचा नेम

तमाम नाट्यरसिकांना कळवण्यास अत्यंत दुःख होतं की, गेल्या हिवाळ्यात एका रविवारी, पिरंगुटजवळच्या एका हॉलमध्ये माझं निधन झालं. त्याहून दुःखाची गोष्ट म्हणजे, तेही मला धड जमलं नाही!

नाटक माझं, दिग्दर्शन माझं, नायकही मीच. (दुसरं कोणी तयार नव्हतं.) पण खरा प्रश्न होता सासऱ्यांचा. तात्या त्या हॉलच्याच गावचे, पक्के शेतकरी. लग्न झाल्यापासून माझ्या नाटकवेडाला ‘जावाईबापूंची थेरं’ म्हणत आलेले. या वेळी ते पहिल्यांदाच बघायला येणार होते. शेवटच्या अंकात मी मरतो, तेव्हा तात्यांच्या डोळ्यांत पाणी काढायचंच, असा माझा निर्धार होता.

पुण्यातल्या नाट्यगृहांकडे आमच्यासाठी तारीख नव्हती. नानांच्या हॉलकडे होती. नानांनी पोल्ट्रीच्या रिकाम्या शेडमध्ये स्टेज बांधून, पडदा टांगून छोटंसं थिएटर केलं होतं.

“घ्या की हॉल,” नाना म्हणाले. “पर आपला नेम एकच. हितं पाव्हणे आले की सत्कार झालाच पायजे.”

“नाटकाआधी करू ना!”

“व्हय. पाव्हणे आधी आले तर आधी.”

हे मी हसण्यावारी नेलं.

पाहुणे, म्हणजे माजी सरपंच, वेळेवर आलेच नाहीत. आम्ही पडदा उघडला. आणि काय रंगलं हो नाटक! शेवटच्या अंकात मी मेलो. नाकात कापूस, छातीवर हात. नाटकात माझी बायको झालेली माझी बायको, सुलभा, अशी हंबरडा फोडून रडली की मला जरा शंकाच आली. (घरी गेल्यावर विचारायचं ठरवलं.) हळूच एक डोळा किलकिला केला, तर पहिल्या रांगेत तात्या उपरण्याने डोळे पुसत होते! मेल्या मेल्या मला गहिवरून आलं.

एवढ्यात भक्कन दिवे लागले. नाना माइक घेऊन स्टेजवर!

“नाटक जरा थांबवतुया. माजी सरपंच आल्यात. त्यांचा सत्कार होईल नाटकाचे लेखक, आन् आपल्या गावचे जावाई, यांच्या हस्ते!”

टाळ्यांचा कडकडाट! सुलभाने अर्धा हुंदका गिळला आणि विंगेतून शाल-नारळाचं ताट आणलं. मी हललो नाही. नाना माझ्या कानाशी वाकले.

“उठा की वो, पाव्हणे खोळंबल्यात.”

“नाना, मी मेलोय!”

“ते समद्यांनी बघितलं. दोन मिन्टाचं काम हाय.”

माजी सरपंच शालीसाठी मान वाकवून उभे. गावच्या पाहुण्याचा अपमान जावयाने कसा करावा? मी उठलो. नाकातल्या कापसासकट त्यांना शाल पांघरवली, नारळ दिला, फोटोसाठी हसलोसुद्धा! आता परत आडवा होणार, तोच तात्या ताडकन उभे राहिले. डोळे अजून ओले.

“जावाईबापू, उठायची काय घाई हुती? आयुष्यात पयल्यांदा तुमच्यासाठी रडू येत हुतं!”