तुळईच्या अलीकडे

हेल्मरला एवर्ट किती ठाऊक होता? दारातून दिसायचा तेवढा. चूल, टेबलाचा कोपरा, खिडकीतल्या कुंड्या आणि खुर्चीत बसलेला एवर्ट. दोघं जन्माचे शेजारी; पण त्या घरात छताखाली जी आडवी तुळई होती, तिच्यापुढं हेल्मर कधी गेला नाही. परक्यानं तुळईशी थांबायचं, घरच्यांनी 'ये' म्हटलं की पुढं व्हायचं, ही स्मोलांड प्रांतातली जुनी रीत. बाकीच्या घरांतून ती केव्हाच गेली. एवर्टनं धरून ठेवली होती, आणि हेल्मरला तो 'ये' कधी म्हणाला नव्हता. हेल्मरचा बाप गावच्या जमीनदाराच्या, बॅरनच्या, जहागिरीवर मुकादम होता, म्हणूनही असेल. विचारायचा धीर हेल्मरला झाला नाही.

मग एका वसंतात स्टॉकहोमहून सिनेमावाले आले. ट्रक भरभरून घोडागाड्या, फाटके कपडे, खोटं बर्फ. सिनेमा मोठा होता. दुष्काळ, उपाशी माणसं, अमेरिकेची जहाजं, आणि या सगळ्यात बॅरनचा मुलगा अक्सेल आणि कुळाचा मुलगा आल्फ्रिद यांची जिवाभावाची मैत्री. आल्फ्रिद म्हणजे एवर्टचा आजा. दोघं लहानपणी एकत्र नदीतली चिंगळं पकडायचे, ही गोष्ट गाव अजून कौतुकानं सांगायचं. त्यापुढची कुणी सांगत नसे.

पुढची अशी, की जंगलात झाड पडून आल्फ्रिदचा पाय गेला. घराच्या बदल्यात जहागिरीवर वेठीला जावं लागे, ते बंद झालं. तेव्हा अक्सेल, जो आता स्वतःच बॅरन झाला होता, या घरात आला आणि त्यानं मित्राला घर सोडायला सांगितलं. ऐन थंडीत. पुढं एवर्टच्या बापानं राबून तेच घर विकत घेतलं.

"खरं दाखवणार असाल तर घर वापरा," एवर्ट दिग्दर्शिकेला म्हणाला होता.

"अगदी खरं," वेंदेलाबाई म्हणाल्या.

एवर्टला तेवढंच हवं होतं. आज्याला कसं काढलं, ते लोकांनी एकदा डोळ्यांनी बघावं.

हेल्मरला गाडीवानाचं काम मिळालं होतं. दाढी वाढवून तो दाराशी घोडा धरून उभा होता, त्यामुळं त्याला सगळं दिसलं. अक्सेल झालेला देखणा नट आत आला, तुळईशी थांबला, टोपी काढली आणि मान खाली घालून उभा राहिला.

"चाल पुढं!" एवर्ट कोपऱ्यातून ओरडला. "थांबलास कशाला?"

कॅमेरा बंद झाला. वेंदेलाबाई हसत म्हणाल्या, "एवर्ट, ही तुमचीच तर रीत."

"आमची. त्याची नव्हे! घर त्याच्या बापाचं होतं बाई. तो चिखलाच्या बुटांनी सरळ चुलीपाशी यायचा. लहानपणीही, आणि घालवायला आला तेव्हाही. माझ्या आजीनं त्याच्या पाठोपाठ फरशी पुसली, आणि मग गाठोडी बांधली."

"पण थांबला की किती सुंदर दिसतं, बघा ना! बॅरन असून कुळाच्या घराचा मान राखतो."

"राखला नाही ना!"

"तो तसा घुसला तर प्रेक्षक त्याचा राग करतील हो."

"मग करू दे की राग! कुणीतरी कधीतरी करायला नको?"

बाई सोबतच्या माणसाकडं वळून हलकेच म्हणाल्या, "जेवणानंतर बघू. म्हातारा तोवर शांत होईल."

म्हातारा शांत झाला नाही. सगळे अंगणात वाटाण्याचं सूप घेऊन बसले तेव्हा त्यानं दिवे, तारा, तिपाया एकेक करून बाहेर आणून ठेवल्या, बॅरनची टोपी कुंपणाच्या खुंटावर अडकवली आणि आतून कडी घातली. वेंदेलाबाईंनी दार वाजवलं, समजावलं, कराराची धमकी दिली. आतून आवाज आला, "तुळई तुमची तुम्ही बांधा."

त्यांनी बांधली. स्टॉकहोमच्या स्टुडिओत हुबेहूब घर उभं राहिलं. चित्रीकरण गुंडाळलं म्हणून गाव मात्र एवर्टवर खवळलं. दुकानातली गुनवोर त्याला तोंडावर म्हणाली, "तुझ्या मेलेल्या आज्यापायी आमचं नाव व्हायचं राहिलं. आणि बॅरन निदान स्वतः सांगायला आला होता. दुसऱ्यानं माणूस धाडला असता." एवर्ट कॉफीचा पुडा गल्ल्याशी तसाच टाकून निघून गेला.

हिवाळ्यात सिनेमा चर्चशेजारच्या सभागृहात लागला. एवर्ट गेला नाही. हेल्मर गेला. बॅरन तुळईशी थांबला तेव्हा सभागृहात कुणी खोकलं नाही. पुढं तर तो लंगड्या मित्राला पाठीवर घेऊन बर्फातून चालला. गुनवोर हुंदके देत होती. हेल्मरचेही डोळे भरले, आणि त्याला स्वतःची अशी चीड आली की दिवे लागायच्या आधीच तो उठला.

एवर्टच्या घरात उजेड होता. हेल्मर नेहमीसारखा तुळईशी थांबला.

"तो थांबला का?" एवर्टनं विचारलं.

"थांबला."

"टोपी?"

"काढली."

"आणि लोक रडले."

हेल्मरनं मान हलवली.

"तूसुद्धा?"

"हो."

एवर्टनं हातातलं लाकूड चुलीत असं फेकलं की ठिणग्या बाहेर उडाल्या.

त्यानंतर आठवडाभरात एवर्ट झोपेतच गेला. त्या संध्याकाळी त्यांचं बोलणं झालं, ते शेवटचं; आणि ते असं संपलं.

"आत ये नाहीतर बाहेर जा," मागं न वळता एवर्ट म्हणाला. "दारात उभा राहून ऊब घालवतोस."

"बूट काढू?"

"काढ. आणि दार लाव."