घरात पाव नव्हता म्हणे

बेकरीच्या काकांच्या मुलाची रॅप गाण्यांची मिक्सटेप आली आणि आठवडाभरात सगळ्या गल्लीला तोंडपाठ झाली. ऐकली नव्हती ती एकट्या काकांनी.

काका म्हणजे कोपऱ्यावरच्या बेकरीतले भट्टीवाले. मिसरूड फुटल्यापासून ते त्या भट्टीपुढे उभे होते. लोक साखरझोपेत असताना त्यांचं पीठ मळून झालेलं असे, आणि रस्त्यावर वर्दळ सुरू होईपर्यंत पावाची पहिली खेप बाहेर आलेली असे. दोन्ही हातांवर कोपरापर्यंत ट्रेच्या कडांचे चटके, भुवयांत कायम पीठ. दुपारी घरी येऊन जेवायचे आणि आडवे व्हायचे, ते बाकीच्या घराला जाग असेपर्यंत उठायचेच नाहीत. बोलणं मोजकं. त्यांचा राग कसा असतो हे त्यांच्या बायकोलाही नीट ठाऊक नव्हतं.

मुलाला घरात चिमणू म्हणत. पोस्टरवर त्याचं नाव होतं ‘वणवा’. ते पोस्टर पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याची आई म्हणाली होती, “याला गॅस पेटवायला तीन काड्या लागायच्या, आणि म्हणे वणवा.” पण गाजला पोरगा. रिक्षात, केस कापायच्या दुकानात, कॉलेजच्या कट्ट्यावर त्याचाच आवाज. तो आता शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायचा आणि आला तर रविवारी यायचा, तोही सगळ्या रविवारी नाही.

काकांना पहिली कुणकुण लागली ती रोज बन न्यायला येणाऱ्या शिंप्याकडून. “काका,” तो पिशवी पुढे करत म्हणाला, “आम्हाला वाटायचं तुमच्याकडे आणखी काही नसलं तरी पाव तरी असणार. पोरगं उपाशी झोपायचं म्हणे?”

काकांना काही उमगलं नाही. त्या संध्याकाळी ते मध्येच उठले आणि त्यांनी मुलीला विचारलं. ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती, चिमणूहून मोठी. तिने आधी आईकडे पाहिलं. आई हॉस्पिटलात आया होती, नुकतीच ड्युटीवरून येऊन पाय चोळत बसली होती.

“ऐकव एकदाचं,” आई म्हणाली. “मला तर आज वॉर्डातल्या सिस्टरनं स्वतःच्या डब्यातलं अर्धं वाढलं. ‘मावशी, किती सोसलंत हो,’ म्हणाली. आणि मला खावं लागलं.”

मुलीने फोन पुढे केला. गाण्याचं नाव होतं ‘रिकामं ताट’. ढोल धडधडला आणि चिमणूचा आवाज आला, त्याच्या नेहमीच्या आवाजापेक्षा दोन बोटं जाड:

*फडताळात अंधार, डब्यात वारा,*
*पोटात रात्रभर कावळ्यांचा पहारा…*

गाणं संपलं. काकांनी फोन मुलीकडे सरकवला.

“म्हणतो चांगलं,” ते म्हणाले. “कोणाच्या घराबद्दल आहे?”

मग आईचा बांध फुटला. केकच्या कापलेल्या कडा खाऊनच हा वाढला, शाळेत मुलं याला ‘बन’ म्हणायची एवढे गाल होते, आणि आता जगभर सांगत सुटलाय की डब्यात वारा. काका ऐकून घेत होते. त्यांना राग आला नव्हता. राग आला असता तर सोपं गेलं असतं. आयुष्यभर पहाटे उठून जी एक गोष्ट केली तीच नेमकी झाली नाही असं मुलगा सांगत होता. 

“बाबा, एकच गाणं ऐकून मनात धरू नका,” मुलगी म्हणाली. “अख्खी मिक्सटेप ऐका. मी तुमच्या फोनवर घालून देते.”

काकांनी ऐकायचं ठरवलं. कानात इअरफोनची बोंडं घालून ते पीठ मळू लागले, तेव्हा बेकरीच्या मालकीणबाई दोनदा डोकावून गेल्या. पहिल्या दिवशी काकांना निम्मे शब्द कळले. दुसऱ्या दिवशी जास्त. तिसऱ्या दिवशी ते स्वतःशीच मान हलवू लागले, कधी आडवी, कधी उभी.

पोराचा दम मोठा होता. एवढा पल्ला तो एका श्वासात मारायचा आणि शेवटचा शब्दही पहिल्याइतकाच स्वच्छ पडायचा. बस चुकलेल्या माणसांच्या रांगेवर एक गाणं होतं. त्यातल्या कंडक्टरची नक्कल इतकी हुबेहूब की काका भट्टीसमोर एकटेच हसले. पण मध्येच कुठून कुठून पाहुणे गायक यायचे, आपापली नावं ओरडायचे आणि निघून जायचे. दोन गाण्यांत चिमणूचा आवाज कसल्याशा यंत्रातून काढला होता, डबा तोंडाशी धरून बोलावं तसा. आणि गाडी. एकच लाल गाडी चार गाण्यांत. चिमणूला लायसन्स नव्हतं, हे काकांना पक्कं माहीत होतं.

एकूण मिक्सटेप त्यांना खमीर जास्त झालेल्या पावासारखी वाटली. वरून टम्म, बोट लावलं की आत पोकळी. कुठे कुठे मात्र मस्त भाजलेली.

नववं गाणं त्यांनी त्या गडबडीत निसटतंच ऐकलं होतं, कारण त्यात ढोल नव्हता. ते नीट ऐकलं त्या दिवशी हातात पाव काढायचं फावडं होतं आणि ट्रे अर्धा बाहेर आलेला होता.

*हळू चाल, बाबा झोपलेत.*
*हळू हस, बाबा झोपलेत.*
*निकाल लागला, पहिला आलो,*
*आईच्या कानात सांगितलं. बाबा झोपलेत.*

पुढे अशीच छोटी छोटी कडवी. पडलेला दात. सायकल शिकल्याचा दिवस. पहिलं गाणं लिहिलं ती संध्याकाळ. प्रत्येक कडव्याच्या शेवटी तेच दोन शब्द, आणि एकाही शब्दात तक्रार नाही. ट्रे तसाच राहिला. त्या दिवशी एक अख्खी खेप करपली आणि मालकीणबाई करपलेले पाव पोत्यात भरायला लागल्या.

घरी आल्यावर काका जेवले, पण आडवे झाले नाहीत.

“चिमणू पहिला आला होता तेव्हा मला कधी कळलं?” त्यांनी बायकोला विचारलं.

“दुसऱ्या दिवशी. तुम्ही त्याच्यासाठी केक आणला होतात, नाव घालून.”

“मग खूश झाला होता?”

तिने जरा विचार केला. “खाल्ला त्यानं,” ती म्हणाली.

त्या रविवारी चिमणू आला. टोपी डोळ्यांवर ओढलेली, पायात होडीएवढे बूट. आईने ताट वाढलं, संपायच्या आत पुन्हा वाढलं, आणि तो नको नको म्हणताना तिसऱ्यांदा वाढलं. “खा,” ती म्हणाली. “उपाशी वाढलायस.” बहीण पाणी आणायच्या निमित्ताने आत पळाली. चिमणूने ताट साफ केलं.

जेवण झाल्यावर बापलेक मागच्या दाराच्या पायरीवर बसले. चिमणूनेच विषय काढला.

“ऐकलीत?”

“सगळी.”

“मग?”

“बरं वाटेल असं सांगू, की जसं आहे तसं?”

“जसं आहे तसं.”

काकांनी सांगितलं. दम आवडला, कंडक्टर आवडला. पाहुणे कमी कर, म्हणाले, घर तुझं आहे की धर्मशाळा, कळत नाही. डब्यातला आवाज बंद कर, तुझा आवाज चांगला आहे. “आणि ती गाडी कोणाची?”

चिमणू हसला. “गाण्याच्या कंपनीची. शूटिंगपुरती दिली होती. मला दारसुद्धा उघडता येत नव्हतं.”

“आणि भूक?”

त्याचं हसू मावळलं. तो बुटाच्या नाडीशी खेळत राहिला. “त्या जागी आधी वेगळ्या ओळी होत्या, बाबा. निर्माता म्हणाला, भूक सगळ्यांना कळते, भूक घाल. मी घातली. आणि तेच गाणं चाललं.”

“चाललं खरं.”

“तुम्हाला लोक बोलले?”

“गमतीनं.”

“आणि आईला?”

“तिला जेवायला घातलं.”

चिमणूने तोंड दाबलं, पण हसू आलंच. काकाही हसले.  समोरच्या दोरीवर शेजाऱ्यांच्या चादरी वाळत होत्या.

“नववं,” काका म्हणाले.

चिमणूने मान वर केली नाही. “ते कंपनी वगळणार होती. मी हट्टानं ठेवलं. तसंही ते कुणी ऐकत नाही.”

“मी ऐकलं. रोज ऐकतोय.”

“राग आला?”

“नाही रे.” काकांनी तळहातावरचं पीठ उगाच झटकलं, पीठ नव्हतंच. “मला उठवायचं होतंस.”

“आई रागावली असती.”

“तिच्या रागाचं मी पाहिलं असतं.”

 काकांनी पुढचं वाक्य मनात जुळवायला बराच वेळ घेतला. “सगळ्यात चांगलं तेच आहे,” ते म्हणाले. “त्यात तू घरातल्या आवाजात बोलतोस. बाकीच्यांत पाहुण्यांसमोर बोलतोस तसा.”

मुलाचा खांदा त्यांच्या खांद्याला टेकला, आणि चादरी वाळून शेजारीण त्या काढून नेईपर्यंत तसाच राहिला.

पुढे झालं ते काकांच्या ध्यानीमनी नव्हतं. रेडिओवरच्या मुलाखतीत निवेदिकेने हळव्या आवाजात त्या उपाशी दिवसांबद्दल विचारलं, आणि चिमणू सरळ म्हणाला, “आमच्याकडे खायला भरपूर होतं. वडील बेकरीत आहेत. ती ओळ मी चालावी म्हणून लिहिली.” झालं. लोक तुटून पडले. खोटारडा म्हणाले, ढोंगी म्हणाले. दोन कार्यक्रम हातचे गेले आणि कंपनीने त्याला बोलावून झापलं.

दुसऱ्या दिवशी शिंपी आला. “म्हणजे सगळी थाप होती तर.”

काकांचा राग कसा असतो, ते तेव्हा पहिल्यांदा दिसलं. “गाणं आहे ते,” त्यांनी बन काउंटरवर आपटले. “तुम्ही कोटाला खोटा खिसा शिवता की नाही? शोभेचा? तेव्हा गिऱ्हाईक तुम्हाला खोटारडा म्हणतं का?”

शिंपी बिचारा बन घेऊन निघाला. जाता जाता एवढंच म्हणाला, “नववं मला मात्र आवडलं होतं, काका. बायकोनं ऐकवलं.”

संध्याकाळी काकांनी मुलाला फोन लावला. “कशाला बोलून बसलास?”

“तुम्हीच विचारलंत ना, ‘आणि भूक?’”

“मला सांगितलंस, पुरे होतं. जगाला सांगायची काय गरज?”

“खोटं जगालाच सांगितलं होतं, बाबा.” त्याचा आवाज दमलेला होता, पण वाकलेला नव्हता.

बोभाटा महिनाभर चालला आणि लोकांना दुसरा विषय मिळाला. ‘रिकामं ताट’ अजूनही वाजतं. ते आता चिमणूच्या हातात राहिलेलं नाही. नववं थोडं जास्त ऐकलं जातं, फार नाही. संध्याकाळचे फोन मात्र सुरू राहिले. कधी हवापाण्याचं बोलणं, कधी नुसतंच “काय करताय?” एकदा चिमणू म्हणाला, “नवीन लिहितोय. ऐकता का?”

काकांनी फोनचा स्पीकर लावून बायकोला हाक मारली. ती ओल्या हातांनीच आली. चिमणूने म्हणायला सुरुवात केली: हॉस्पिटलचा लांब कॉरिडॉर, बादली, कोणाच्या तरी उशाशी घटकाभर बसलेली एक बाई. सगळं भराभर, एका दमात.

“यात मी आहे का रे?” आईने मध्येच विचारलं.

“आहेस.”

“मग पुन्हा म्हण,” ती पदराला हात पुसत खुर्चीवर बसली, “आणि सावकाश म्हण. मला कुठे जायचं नाहीये.”