बाबांच्या टाचेवरचा डाग

आमच्या चिखला गावात काळे पाय कुणाला खटकत नाहीत. बाबा मँगनीजच्या खाणीत जमिनीखाली काम करतात. बूट असले तरी काळी भुकटी आत जाते आणि टाचेच्या भेगांत बसते. दर रविवारी आई खापराच्या तुकड्यानं त्यांचे पाय घासून द्यायची. डाव्या टाचेवर काळा डाग दिसला, तेव्हा तोही भुकटीचाच असं आम्ही धरून चाललो. आई तिथं जरा जास्त घासायची, एवढंच.

मी तुमसरला बीएस्सीला आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. तिथं एक डॉक्टर मॅडम त्वचेच्या कॅन्सरवर बोलायला आल्या होत्या. आपल्याकडे तो तळपायावरही होतो, म्हणाल्या. डाग वाढत असेल, कडा वेड्यावाकड्या असतील, एकाच डागात दोन-तीन रंग दिसत असतील किंवा रक्त येत असेल, तर लगेच दाखवा. मला बाबांची टाच आठवली. पण घरी बोलायचं धाडस झालं नाही. चार पुस्तकं वाचून आम्हाला शिकवते, असं त्यांना वाटेल म्हणून. दिवाळीच्या सुट्टीत बाबा दुपारी झोपले असताना मी डागाशेजारी आगपेटीची काडी ठेवून मोबाइलवर फोटो तेवढा काढला.

फेब्रुवारीत बाबांना टायफॉइड झाला. तीन आठवडे ते खाणीत गेले नाहीत. भेगा उजळल्या, नखं स्वच्छ झाली. डाग मात्र जागेवरच. पुन्हा काडी ठेवून पाहिलं. दिवाळीत काडीच्या टोकावरच्या दोन गुलांएवढा होता, आता तीन गुलं मावतील एवढा. एका बाजूला तपकिरी झाक.

"बाबा, हे भुकटीचं नाही."

"काहून? दोन वर्षं कॉलेजात गेली त डाक्टर झाली का वो?"

"भुकटी असती त आतापर्यंत गेली असती. बाकीचा पाय पाहा ना."

त्यांनी पाय मांडीवर घेतला आणि बराच वेळ पाहिलं. आई दारातूनच म्हणाली, "मी घासलं का तिथून रक्त निघे. मले वाटे, जोरात घासलं म्हणून."

भंडाऱ्याला दाखवलं, तिथून नागपूरला पाठवलं. कॅन्सरच निघाला, पण अजून वरच्या थरातच होता. टाचेचा तेवढा भाग काढून मांडीची कातडी लावली. घासल्यानं हा आजार होत नाही, असं डॉक्टरांनी आईला दोनदा समजावलं. तरी तिनं खापर फेकून दिलं.

आता रविवारी बाबांचे तळपाय मी पाहते. डागाचा फोटो दिवाळीतच काढला होता, हे मी लपवलं होतं. परवा पाय पाहताना सांगून टाकलं. चार महिने मी गप्प होते, हेही.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं.

"मले भेत होतीस का वो?"

मी हो म्हणून मान हलवली. त्यांनी दुसरा पाय पुढं केला.

"हा बी पाहून घे. अन् काही दिसलं त त्याच दिवशी सांगजो."