लाभ म्हणून उठायचं नसतं

वेराताईंची आणि माझी पहिली ओळख एसटीत झाली. मी तेव्हा भोरच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होते आणि खो-खोच्या सरावात गुडघे फोडून घेऊन रोज संध्याकाळी कापूरहोळला घरी परतत असे. त्या दिवशी शेजारच्या सीटवर एक उंच, गोऱ्यापान बाई सुती पातळ नेसून बसल्या होत्या. कंडक्टर जवळ आले तशी त्यांनी नोट पुढं केली आणि स्वच्छ आवाजात म्हणाल्या, "लाभ कापूरहोळ."

गाडीत खसखस पिकली. आमच्याकडं खळ्यावर धान्य मोजताना पहिल्या मापाला कुणी 'एक' म्हणत नाही. पहिलं माप 'लाभ', मग दोन, मग तीन. वेराताई मराठी आकडे शिकल्या होत्या त्या सासूबाईंच्या शेजारी बसून, भाताचं माप चाललेलं असताना. त्यामुळं मराठीत एकाला लाभ म्हणतात असा त्यांचा पक्का समज झाला होता. कंडक्टर वेल्ह्याकडचे, वयानं पिकलेले. ते हसले नाहीत. तिकीट फाडून हातात देत म्हणाले, "घ्या बाई. सकाळधरनं अशी बोहनी झाली न्हाई."

बाई माझ्या मागोमाग कापूरहोळला उतरल्या आणि थेट आमच्याच दुकानात शिरल्या. फाट्यावर माझ्या अब्बांचं पंक्चरचं दुकान होतं. बाईंना ट्रॅक्टरची जुनी ट्यूब हवी होती. विहिरीत पोहायला नेत असतील, असं आम्हाला वाटलं. त्यांनी ती ट्यूब कापून घेतली, एक टोक कमरेला बांधलं, दुसरं मागं ओढून धरायला माझ्या हातात दिलं आणि पदर खोचून रस्त्याच्या कडेनं पळत सुटल्या. मी चांगली फरफटत गेले. अब्बा शांतपणे म्हणाले, "रुक्साना, सोड त्यास्नी. गिऱ्हाईक हाय आपलं." मी सोडलं नाही. आजतागायत सोडलेलं नाही, म्हणून तर षष्ट्यब्दीच्या या गौरवग्रंथात लिहिण्याचा मान मला मिळाला आहे.

नव्या वाचकांसाठी थोडं सांगते. वेराताईंचा जन्म व्होल्गाकाठच्या एका कारखान्याच्या गावातला. सातव्या वर्षी त्यांना सरकारी क्रीडाशाळेत घातलं. बाहेर बर्फ, म्हणून बंद दालनात भिंतीवर चेंडू मारत त्या मोठ्या झाल्या. ऐन उमेदीत देश मोडला, शाळेचं छत्र गेलं आणि त्या व्यावसायिक टेनिस खेळाडू म्हणून एकट्या बाहेर पडल्या. रॅकेटच्या तारा स्वतः ताणायच्या, रेल्वेच्या बाकावर झोपायचं, सकाळी उठून खेळायचं, असं त्यांनी काही वर्षं काढलं. पाच वेळा त्यांनी अंतिम फेरी गाठली आणि पाचही वेळा हरल्या. त्यातल्या तीन सामन्यांत तर विजय हातातोंडाशी आला होता. त्यांच्या गावात वैद्यकीचं शिक्षण घेणाऱ्या डॉक्टर सुधाकर धुमाळांनी त्यांचा मुरगळलेला घोटा बांधला आणि पुढं लग्नाची गाठही बांधली. डॉक्टरांनी नसरापूरला दवाखाना काढला. शेतीवाडी मात्र वर वेल्ह्यातल्या गावाला होती. तिथं सत्ता सासूबाईंची. वेराताई त्यांना घरच्या रिवाजाप्रमाणं आत्याबाई म्हणत आणि ऐकून ऐकून आम्ही सगळेही आत्याबाईच म्हणू लागलो.

डॉक्टरांचं म्हणणं, वेरानं खेळावं. आत्याबाईंचं म्हणणं, बत्तीस वर्षं उलटली, आता पुरे. त्यात आत्याबाईंचं काही चुकत होतं असं मला तेव्हाही वाटलं नाही. सून महिना महिना परगावी जाते आणि हरून परत येते, हे कोणत्या सासूला बघवेल? शेवटी एका सकाळी चुलीपुढं तह झाला. पुढच्या सुगीपर्यंत खेळायचं. तोवर एक तरी स्पर्धा जिंकली तर ठीक, नाहीतर रॅकेट माळ्यावर. "आन् जिंकलीस तरीबी सुगीला थांबायचं," आत्याबाईंनी निक्षून सांगितलं. वेराताईंनी मान डोलावली. एकदा, फक्त एकदा जिंकून थांबायचं, एवढंच त्यांचं मागणं होतं.

सरावाला जागा कुठली? घरामागचं खळं. मुरूम टाकून चोपलेलं, पाणी मारून, शेणानं सारवून घोटलेलं. शेजारचं पडीक धरून ते लांबीला वाढवलं आणि आमच्या कॉलेजातलं व्हॉलीबॉलचं जाळं खाली बांधलं की झालं कोर्ट. अडचण आली ती बुटांची. खळ्यात पायताण घालून जात नाहीत, तिथं लक्ष्मी उतरते. आत्याबाई कमरेवर हात ठेवून आडव्या उभ्या राहिल्या. वेराताईंनी हुज्जत घातली नाही. आठवडाभर त्या अनवाणी खेळल्या, तळव्यांना फोड आले, तरी खेळतच राहिल्या. आठव्या दिवशी आत्याबाईंनीच तोड काढली. जे बूट कधी रस्त्याला लागलेच नाहीत ते पायताण नव्हे. मग एक कोरा जोड गोठ्यातल्या खुंटीवर राहू लागला, खळ्यात घालायचा आणि खळ्यातच काढायचा. मला वाटतं, सासू-सुनेचं खरं सूत त्या खुंटीपाशी जुळलं.

सरावाला जोडीदार म्हणून वेराताईंनी मला बोलावलं. मला टेनिसचा ओ की ठो कळत नव्हता, पण धावण्यात मी कुणाला हार जाणारी नव्हते. अब्बांची एकच अट होती, पोरीनं आखूड कपडे घालायचे नाहीत. मी ती बिचकत सांगितली. वेराताई हसल्या, घरात गेल्या आणि स्वतः पायघोळ पँट घालून आल्या. त्या दिवसापासून त्या स्पर्धेतही तशाच उतरत, मी प्रेक्षकांत बसलेली असले तरी. मे महिन्याच्या उन्हात एका पंचांनी कारण विचारलं, तेव्हा त्यांनी उत्तर दिलं की आमच्या खळ्याचा हा गणवेश आहे. मी एकटी वेगळी दिसू नये म्हणून या बाईंनी वर्षभर घाम गाळला. याची परतफेड कशी करायची, ते मला अजून कळलेलं नाही.

आणि मग ती सुगी आली. भात कापून झालं, भाऱ्यांची उडवी रचली गेली. नेमकी त्याच सुमारास पुण्यातल्या एका जुन्या क्लबात महिलांची व्यावसायिक स्पर्धा होती. आत्याबाईंनी झोडणी लांबणीवर टाकली. आभाळ भरून येत होतं, गावात कुजबुज होत होती, पण खळं सुनेला मोकळं ठेवलं. तिकडं पुण्यात वेराताईंनी कोर्टावर पाऊल ठेवलं आणि त्यांना ओळखीचा वास आला. ते कोर्टही शेणमातीनंच राखलेलं होतं. परदेशी मुली नाकं मुरडत होत्या, चेंडू भलताच खाली राहतो म्हणून कुरकुरत होत्या. आमच्या वेराताई मात्र माहेरी आल्यासारख्या खेळल्या आणि सहाव्यांदा अंतिम फेरीत पोचल्या.

अंतिम सामन्याला गावातून टेम्पो भरून माणसं निघाली. अब्बांनी शटर ओढलं आणि तेही चढले. आमच्याकडं खेळ म्हणजे कुस्तीचा फड, शिट्ट्या, हलगी. टेनिसमध्ये चेंडू चालू असताना गप्प बसावं लागतं हे मी सांगून थकले, कुणाच्या पचनी पडेना. शेवटी आत्याबाई उठल्या. "मापाला कुनी बोलतं का? तसंच हाय हे. बोललं की माप चुकतं." एवढं पुरलं. पंचांना सर्वांत जास्त धास्ती आमच्या टेम्पोची होती आणि सर्वांत शांत आम्हीच बसलो. पुण्याच्या मंडळींच्या खोकल्याकडं आमची माणसं डोळे वटारून बघत होती.

पहिला सेट वेराताईंनी घेतला, दुसरा गमावला. तिसऱ्यात त्या पाच-दोन अशा पुढं गेल्या आणि जुनं दुखणं उपटलं. आता एवढेच गुण उरले, आता एवढेच, असं मनात मोजायला लागलं की त्यांचा हात आखडत असे. पाच-तीन झालं. पाच-चार झालं. त्या खुर्चीवर जाऊन बसल्या आणि टॉवेल तोंडावर घेतला. आत्याबाईंनी पदराची गाठ मुठीत आवळली होती.

वेराताई उठल्या त्या काहीतरी पुटपुटत. सर्व्हिस केली, गुण मिळाला. पुन्हा पुटपुटल्या, पुन्हा मिळाला. तिसऱ्या गुणानंतर प्रतिस्पर्धी मुलीनं पंचांकडं तक्रार केली की या काय मंत्र म्हणतात? पंच मराठी होते, खाली वाकून त्यांनी कान दिला आणि त्यांना हसू आवरेना. प्रत्येक गुणाला वेराताई म्हणत होत्या, "लाभ." किती झाले, किती उरले, हा हिशेबच त्यांनी सोडून दिला होता. समोरचा प्रत्येक चेंडू पहिला. पंचांनी मुलीला सांगितलं की यात आक्षेपार्ह काही नाही, खेळा.

शेवटचा चेंडू जाळ्याला लागून आमच्याच बाजूला पडतो की काय, असं क्षणभर वाटलं. तो पलीकडं पडला. वेराताई जिंकल्या.

टेम्पोतल्या माणसांनी तीन तास दाबून ठेवलेला आवाज एकदम सोडला. अब्बा रडत होते आणि डोळ्यांत धूळ गेली म्हणत होते. त्या गोंधळात आत्याबाई उठल्या, कोर्टाच्या कडेला आल्या, तिथं वहाणा काढून ठेवल्या आणि अनवाणी पायांनी सरळ आत चालू लागल्या. कुणी त्यांना अडवलं नाही. सुनेच्या गालावरून हात फिरवून त्यांनी कडाकडा बोटं मोडली. वेराताई रडतरडत म्हणाल्या, "आत्याबाई, सुगी आली. मी थांबते."

आत्याबाईंनी त्यांच्याकडं असं पाहिलं जसं पहिल्या दिवशी बुटांकडं पाहिलं होतं.

"सारखं लाभ लाभ काय करत हुतीस? लाभ येकदाच म्हनायचा असतो. आन् लाभ म्हनून कुनी मापावरनं उठतं व्हय? रास हाय तवर मोजायचं."

तह मोडला तो असा, ज्यांनी केला त्यांच्याच तोंडून. परतीच्या वाटेवर अब्बा मला म्हणाले, "आमी पैल्या मापाला बरकत म्हनतो, त्या लाभ म्हनत्यात. पर उठायचं नसतं, ह्ये दोगांचंबी खरं." दुसऱ्या दिवशी झोडणी झाली. वेराताई पातळ खोचून भारे आपटत होत्या आणि कप उडवीच्या कडेला ठेवला होता.

त्यानंतर माप थांबलं नाही. वेराताईंनी पस्तिशीपर्यंत खेळून आणखी दोन स्पर्धा जिंकल्या आणि प्रत्येक वेळी घरी फोन करून फक्त आकडा सांगितला, दोन आणि तीन. रॅकेट खाली ठेवली ती आपल्या मनानं, हरून नव्हे. मग खळ्यालगत वेगळं कोर्ट बांधलं आणि वेल्ह्याच्या डोंगरातल्या, नसरापूरच्या, सारोळ्याच्या मुली शिकायला येऊ लागल्या. त्यांतल्या कितीतरी जणी राज्याकडून खेळल्या, दोघी तर देशाबाहेर जाऊन जिंकून आल्या. मी स्वतः आज शाळेत खेळ शिकवते आणि माझ्या मुली लांब पँटमध्ये उतरल्या तर कुणी कारण विचारत नाही. कोर्टाच्या कडेला अजूनही वहाणांची रांग लागते. नवी मुलगी आली की वेराताई तिच्या हाती चेंडू देतात आणि पहिल्या फटक्याला एक म्हणू देत नाहीत.

आत्याबाई आता खूप थकल्या आहेत. या ग्रंथाची गोष्ट सांगायला गेले तेव्हा त्यांनी विचारलं, किती झाली वेराला? साठ, मी म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि बोटांवर काही मोजलं नाही.

वेराताई, तुमच्या पोरी, हे खळं आणि कापूरहोळच्या फाट्यावरचं ते दुकान, सगळ्यांच्या वतीनं एवढंच म्हणते. साठ वर्षांचं हे माप भरून, शिगोशीग आमच्या पदरात पडलं. लाभ. रास मोठी आहे, तब्येत सांभाळा आणि उठू नका.