ताणावरचे गुलाब

दसरा नुकताच झाला होता. नांदेडला माझ्या बाल्कनीत शेवंतीला काड्यांचा आधार बांधत होते, तेवढ्यात लातूरहून फोन आला. "ताई, महानंदा गेली," एवढंच तिचे यजमान, आमचे अण्णा, म्हणाले. झोपेतच हार्ट अटॅक... फोन ठेवला आणि राहिलेली शेवंती मी बांधून पुरी केली. माणूस अशा वेळी वेड्यासारखंच वागतं.

चाकूरच्या शाळेत महानंदा आणि मी एका बाकावर बसायचो. लग्न होऊन ती लातूरला गेली आणि गच्चीवर कुंड्यांतून गुलाब लावून बसली. नळाला पाणी आलं की हातातला घास टाकून पळायचं गाव, तिथं हिला गुलाब हवेत! टंचाईच्या उन्हाळ्यात तांदूळ धुतलेल्या पाण्यावर तिनं ते जगवले. पण दसरा सरला की हीच बाई त्यांचं पाणी तोडायची. बुंध्याची माती उकरून मुळ्यांना ऊन दाखवायची. पानं पिवळी पडून गळायची. याला ताण देणं म्हणतात. मग छाटणी, शेणखत आणि पोटभर पाणी. मला ते हाल बघवायचे नाहीत. एकदा गुपचूप तांब्या उचलला, तर तिनं हातच धरला. "ठिव खाली. लई दया दावू नगंस. तहानल्याबिगर फुलत न्हाईत हे." मार्गशीर्षात तिच्या गच्चीवर उभं राहिलं की तिचं म्हणणं पटायचं.

ती गेली तेव्हा गुलाब ताणावरच होते. मी पोचले तर घर पाहुण्यांनी भरलेलं. गच्चीवर जाईल तो त्या उघड्याबोडक्या काड्या बघून हळहळायचा, "तिच्या माघारी झाडं बी सुकली," म्हणायचा आणि बादलीभर पाणी ओतायचा. मी सांगून पाहिलं. तिची नणंद रडवेली होऊन म्हणाली, "असू द्या ताई, तिच्या नावानं घालायलेत लोकं." एरवी तांब्याभर पाण्यावरून भांडणारं गाव, त्यानं माया दाखवली ती नेमकी इथं. काळी माती पाणी धरून बसते. उघड्या मुळ्या दिवसचे दिवस चिखलात राहिल्या की कुजतात...

परवा पुन्हा गेले. नखानं एकेक खोड खरवडून पाहिलं. जीव असला तर सालीखाली हिरवं दिसतं. सगळी काळी पडलेली. वळून बघते तर अण्णा उभे, हातात तिची कात्री, तेल लावून पुसलेली.

"ताई, छाटायचं ऱ्हाऊन गेलंय बघा. मला काय जमत न्हाई."

मी कात्री घेतली. महानंदा घ्यायची तसा तिरपा काप, फांदीवर कोंब फुटतो त्या डोळ्याच्या जरा वर. वाळक्या फांद्या कटकट मोडत होत्या. अण्णा खाली पडलेल्या काड्या गोळा करत होते.

"कधी येतील फुलं?"

"मार्गशीर्षात," मी म्हटलं.

"छाटल्यावर पानी पायजे न्हवं? ती भरपूर घालायची."

मी पुढची काळी फांदी धरून कापली. अण्णा बादली घेऊन खाली गेले.